नऊखांबीतला सव्वीस जणांचा रोट

माझ्या पत्रकांनी सरकार कधी हललं नाही. हललं ते एकदाच, आणि हलून थेट आमच्या घरावर आलं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आज चोवीसची आहे. मधल्या काळात अक्कल यायची होती, ती रस्त्यात आहे. खंडव्याला दोन वर्षं शिकायला राहिले आणि शिकले काय, तर पत्रकं काढायला. नळाला पाणी नाही म्हणून पत्रक, रेशनच्या रांगेत बायकांना मागे ढकलतात म्हणून पत्रक, भिंतीवर पत्रकं लावू देत नाहीत म्हणून त्याच भिंतीवर पत्रक. प्रत्येकात 'धिक्कार' निदान तीनदा. बुरहानपूरला परतले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि उद्गारचिन्हं जास्त होती.

आमचं घर म्हणजे कोटाबाहेर, लालबाग स्टेशनाच्या रस्त्यावरचा नऊखांबी बंगला. खांब आठ आहेत. नववा कुठे गेला हे प्रत्येक मालकाने मागच्या मालकावर ढकललेलं आहे.

बंगला बांधला कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने. त्याने आपल्या गावाकडच्या घराचं चित्र गवंड्याच्या हातात दिलं आणि गवंड्याने ते इमानाने उतरवलं, त्यामुळे आमच्या दिवाणखान्यात भिंतीतली शेकोटी आहे. बुरहानपुरात! जिथे वैशाखात कावळेसुद्धा उडायचं सोडून सावलीसावलीने चालत जातात. साहेबाने दोन उन्हाळे काढले. तिसरा लागताच बंगला विकला आणि स्टेशन गाठलं. गाडीला उशीर होता म्हणे, तर तो रुळावरून चालत निघाला.

मग आला दारूचा ठेकेदार. त्याने खिडक्यांना रंगीत काचा बसवल्या आणि शेकोटीवर सिंहाचं चित्र काढून घेतलं, ज्याला पाहुण्यांनी कायम मांजर म्हटलं. त्याच्यामागे तीन मुलांनी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून वाटणी केली. एकाला स्वयंपाकघर आलं, एकाला विहीर, एकाला पुढचं दार. ज्याला दार आलं त्याला पाणी नाही, ज्याला पाणी आलं त्याला घरात यायला वाट नाही. शेवटी तिघं दमले आणि त्यांनी बंगला ठाकूरसाहेबांना विकून टाकला.

ठाकूरसाहेबांचं संस्थान इतकं लहान, की नकाशावर त्याच्या नावाची निम्मी अक्षरं शेजारच्या संस्थानात जात. राणीसाहेबांना गाडीत बसण्याआधी विसावा हवा म्हणून त्यांनी बंगला घेतला. पण राणीसाहेबांना इंजिनाच्या धुराचा वास आवडला नाही, आणि त्या कधी आल्याच नाहीत. माझे आजोबा बंगल्यावर देखरेख करायचे. ठाकूरसाहेब त्यांना एकदा म्हणाले, "राहा." कागद नाही, शिक्का नाही, या एका शब्दावर आम्ही दोन पिढ्या राहिलो.

आजोबांनंतर माझे बाबा, स्टेशनातले पार्सल बाबू. आणि माझी आई, जिने दिवाणखान्यात मुलींचा वर्ग काढला. शेकोटीत पाट्या ठेवायची सोय झाली. 'स' शिकवताना आई चित्राकडे बोट दाखवून विचारायची, "हा कोण?" आणि पहिलीच्या मुली एका सुरात म्हणायच्या, "मांजर."

तेवीस मुली होत्या. कुणाचा बाप मागावर बसणारा, कुणाचा टांगेवाला, कुणाची केळीची वाडी. पोरींना शनवारा वेस ओलांडून शहरातल्या शाळेत धाडायला हे बाप तयार नव्हते. बाईंच्या घरी धाडायला होते. वर्ग बंद झाला तर कोणती पोर कोणत्या मागाशी आणि कोणती कोणत्या गोठ्यात परत जाईल, हे आईला तोंडपाठ होतं. म्हणून संस्थानं विलीन झाली, सगळीकडे झेंडे लागले, मी स्वतः मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडले, तेव्हा आई मात्र दारात पोस्टमनची वाट बघत उभी होती.

पत्र आलंच. सरकारने प्रत्येक राजाला विचारलं होतं: तुमचं खासगी काय आणि संस्थानचं काय ते सांगा. खासगी ते राजाकडे राहणार, संस्थानचं ते सरकारजमा. ठाकूरसाहेबांनी लिहून दिलं, नऊखांबी माझा खासगी आहे आणि तिथे बाईंची शाळा चालू राहावी. सरकार म्हणालं, देखना पड़ेगा. बंगला संस्थानचा ठरला तर तिथे धान्याचं कोठार करायचं होतं. तपासाला खंडव्याचे चौबेसाहेब नेमले होते.

आई मला म्हणाली, "तू लिहिण्यात हुशार ना? साहेबांना एक साधा अर्ज लिहून दे. बंगल्यात कोण कोण राहिलं एवढंच. चार ओळी."

"चारच?"

"चार."

मी चार पानं लिहिली. मथळा: 'नऊखांबीचा खरा इतिहास'. माझा विचार असा, की सरकार आता जनतेचं आहे. बंगला जनतेचा आहे असं सिद्ध केलं, तर जनतेचं सरकार जनतेच्या पोरींना जनतेच्या बंगल्यातून कसं काढेल? (या विचारात मला अजूनही चूक सापडत नाही. फक्त निकाल उलटा येतो.)

इतिहासाला पुरावा हवा म्हणून मी आमच्या म्हाताऱ्या माळीबाबांना गाठलं. त्यांना एवढंच आठवत होतं की संस्थानचा एक कामदार, म्हणजे अधिकारी, एकदा मुक्कामाला आला होता आणि त्याने कोंबडी खाल्ली होती. छापताना ते असं झालं: 'याच बंगल्यात संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या झुंडी उतरत! रयतेच्या कोंबड्यांचा फडशा पाडत! या दारातून एकही अधिकारी कधी उपाशी परत गेलेला नाही! हा बंगला कुणा एकाचा नव्हे, संस्थानच्या रयतेचा आहे! धिक्कार!'

छापखाना रज्जबभाईंचा. ते खिळे जुळवताना थांबले.

"बेटी, हे 'संस्थानच्या रयतेचा' जरा सोच के."

"तुम्ही छापा हो भाई."

"छापून राहिलो. माझी झुबेदा त्याच शाळेत जाते, म्हणून विचारलं."

मी त्यांना निर्भयतेवर दहा मिनिटं भाषण दिलं. त्यांनी ते उभ्याने ऐकलं आणि दोनशे प्रती छापल्या. मी त्या दिसेल त्या कचेरीला पाठवल्या, आणि एक चौबेसाहेबांना, रजिस्टर पोस्टाने.

सातव्या दिवशी उत्तर आलं. माझ्या हयातीत सरकारने मला दिलेलं पहिलं उत्तर! मी ते ओसरीवर उभी राहून मोठ्याने वाचायला घेतलं. "आपका पत्रक प्राप्त हुआ. अत्यंत उपयोगी है." इथे मी थांबून आई-बाबांकडे पाहिलं. मग पुढचं वाक्य नजरेखालून गेलं आणि मी पत्र बाबांच्या हातात दिलं. पुढचं बाबांनी वाचलं.

"इससे स्पष्ट होता है कि उक्त भवन रियासत का विश्रामगृह था, जहाँ अधिकारियों के ठहरने और भोजन की व्यवस्था थी. फिर भी रविवार को दोपहर में स्थल-निरीक्षण किया जाएगा."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

"रयतेचा म्हणजे संस्थानचा," ती बोटांवर मोजत म्हणाली. "संस्थानचा म्हणजे आता सरकारचा. सरकारचा म्हणजे कोठार. तेवीस पोरी बसतात तिथे उद्या गव्हाची पोती बसणार."

"मी दुसरं पत्रक काढते. खुलाशाचं."

आईने माझी दौत, टाक आणि कागद उचलले, कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला खोचली. "तू आता काही लिहायचं नाही. धोब्याची यादीसुद्धा नाही."

बाबा पत्र उलटसुलट करत होते. "रविवार? त्या रविवारी तर आपल्याकडे कानबाई."

आमच्या खानदेशी घरांत श्रावणात कानबाई देवी बसते, त्या दिवशी रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचं जेवण, असतो. रोटाचे गहू मापाने नाही, मुठीने मोजतात. घरात जितके पुरुष, तितक्या जणांचं नाव घेऊन प्रत्येकी सव्वा मूठ. ते गहू दळायचे, त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचं आणि घरातच संपवायचं. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, मग तो कितीही मोठा असो. आमच्या घरात पुरुष एकच, बाबा. म्हणजे रोट सव्वा मुठीचा. त्यात तिघांनी जेवायचं. या अन्यायाचा मी सात वर्षांची असल्यापासून निषेध करत आले आहे. आई दरवर्षी म्हणायची, "कर निषेध. पण आधी हात धू."

शनिवारी आई वर्गात होती. जाताना म्हणाली, "देव्हाऱ्यासमोर बस आणि रोटाचे गहू काढून ठेव. एवढं तरी नीट कर."

लिहायला बंदी होती. मोजायला नव्हती.

"बाबांच्या नावाची सव्वा मूठ," मी म्हटलं आणि टोपलीत टाकली. पाहिलं तर टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. माझं डोकं तापलं. हे घर चालवते कोण? "आईच्या नावाची सव्वा मूठ." मग माझी. तेवढ्यात दिवाणखान्यातून पाढे ऐकू आले. तेवीस आवाज, त्यात झुबेदाचा सगळ्यांच्या अर्धा पाढा पुढे. उद्यानंतर हे पाढे कुठे म्हणायचे या पोरींनी? आणि कुणामुळे?

"झुबेदाच्या नावाची सव्वा मूठ. साळ्यांच्या चंद्रीच्या नावाची सव्वा मूठ."

तेविसाव्या पोरीचं नाव झालं तेव्हा टोपली शिगोशीग भरली होती. (मूठ माझी मोठी आहे. घोषणा देताना वळून वळून झालेली.)

वर्ग सुटला. आई आली आणि टोपलीपाशी थबकली.

"हे गहू कुणाचे?"

"आपले. मोजून काढलेत."

"कुणाला मोजलं?"

मी सांगितलं. स्त्रियांच्या हक्कांपासून सुरुवात केली. पण आईने मधेच हात वर केला.

"नावं घेतलीस?"

"हो."

"मोठ्याने? कानबाईसमोर?"

"माझा आवाज तुला माहीत आहे."

आई खालीच बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, पण तिचे खांदे वेगळेच हलत होते. हसू आवरून ती बाबांना म्हणाली, "ऐकलं का? तुमच्या लेकीने घर मोठं करून ठेवलं. नाव घेऊन मोजलेल्याला उपाशी ठेवता येत नाही, आणि बाहेरच्याला खाऊ घालता येत नाही."

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे त्या घरच्या झाल्या. उद्या तेवीसच्या तेवीस इथे जेवणार."

"अगं, पण उद्या साहेब येऊन राहिले."

आईने माझ्याकडे पाहिलं. "साहेबांचं नाव नाही ना घेतलंस?"

"नाही."

"कृपा झाली."

मग आई जात्यावर बसली आणि मला घरोघर पिटाळलं. सगळीकडे तेच विचारत: बाई, आमची पोर? रोटाला? साळीण मावशीने मला दोनदा सांगायला लावलं आणि मग पोरीची वेणी घालायला धावली, जेवण दुसऱ्या दिवशी होतं तरी. रज्जबभाईंनी चष्मा काढला.

"नाव घेऊन मोजली म्हणता?"

"हो. सव्वा मूठ."

"तिच्या दादीला सांगतो, पोरीचं आणखी एक घर झालं." ते चष्मा पुसत बसले. मग जरा दबकत म्हणाले, "हे छापायचं नाही ना?"

रविवारी दिवाणखान्यात दोन पंगती बसल्या. पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गिलक्याची भजी. तुपाचा वास स्टेशनापर्यंत गेला असावा, कारण त्या वासाच्या मागोमाग चौबेसाहेब आले. गाडीला उशीर झाला होता; खंडव्यापासून पोटात फक्त चहा होता, हे त्यांनी टांग्यातून उतरतानाच बाबांना सांगितलं. हातात जाड फाइल. बाबांनी ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुढे काय द्यायचं ते न सुचून स्वतः खांबाला टेकले.

साहेबांनी आत डोकावलं. "ये सब कौन हैं?"

"घर के हैं साहब."

"सब?"

"सब."

साहेबांनी पंगतीतल्या पहिल्या मुलीला विचारलं, "बेटी, तुम इस घर की कौन?"

चंद्रीच्या तोंडात अख्खं भजं होतं. "घरची."

"और तुम? नाम क्या है?"

"झुबेदा. मी पण घरची. सव्वा मूठ."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं, खुर्चीत बसले आणि फाइलीतून माझं पत्रक काढलं. त्यावर ठिकठिकाणी लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. (माझं लिखाण इतक्या बारकाईने आजवर कुणी वाचलेलं नाही.) "इस द्वार से कोई अधिकारी भूखा नहीं लौटा," त्यांनी हिंदीत करून वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने फार आशेने पाहिलं.

माझं काळीज विरघळलं. भुकेला माणूस, दारात आलेला, आणि आत सव्वीस जणांचं अन्न. कसला घरचा आणि कसला बाहेरचा? एक रूढी काल मोडली होती. दुसरी तव्यावर तयारच होती. मी ताट वाढलं. दोन पोळ्या, वर तूप, खीर, भजी. ओसरीवर नेऊन साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी गुडघ्यावर रुमाल पसरला, पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तो तोंडापाशी आला, तेवढ्यात दारात आई.

माझी आई अधिकाऱ्यांशी खालच्या मानेने बोलणारी. ती आली आणि तिने साहेबांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"माफ करा साहेब. हे तुम्हाला देता येत नाही."

"क्यों? हम तो ब्राह्मण..."

"तुम्ही कुणीही असा. घरचे नाही." मग तिने दुसऱ्या हाताचा तळवा पुढे केला. "तोही."

साहेबांनी तुकड्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आणि तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.

बाबांनी डोळे मिटून घेतले. पंगतीतल्या मुलींची चावायची हालचाल थांबली. मी आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या नावाने बोंबलत आले. माझ्या एकाही धिक्काराने कुणा अधिकाऱ्याच्या हातातला घास सुटला नव्हता. मला एकच दिसत होतं: आधी मी लिहून बंगला घालवला, आणि आता वाढून घालवला.

साहेबांनी रुमालाची घडी केली.

"बाई," ते म्हणाले, "नौकरी में बाल पक गए. सरकारी बंगला हो, रियासती बंगला हो, बिना खाए किसी ने उठने नहीं दिया. मुँह तक आया कौर आज पहली बार लौटा."

"घरात असंच असतं साहेब," आई म्हणाली. "रोटाचं सोडून दुसरं काहीही करते. खिचडी टाकू? वीस मिनिटं लागतील."

साहेब फाइल उघडून लिहू लागले होते. "नहीं नहीं, खिचड़ी मत डालिए. खा ली तो रिपोर्ट बदलनी पड़ेगी."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. बाबांना कळलं असावं, कारण ते खांब सोडून सरळ उभे राहिले आणि साहेबांना टांग्यापर्यंत पोचवायला गेले. स्टेशनावर साहेबांनी दोन प्लेट भजी खाल्ली, असं बाबांनी नंतर सांगितलं.

निकाल यायला पावसाळा संपला. तोवर आई रोज वर्ग घेत होती, आणि रोज पोस्टमनची वेळ झाली की पाढा मधेच सोडून देत होती. अखेर एका दुपारी बाबा स्टेशनातून लिफाफा घेऊन धावत आले. माझे बाबा धावलेले मी दोनदाच पाहिलेत. दुसऱ्यांदा मागे बैल होता.

नऊखांबी खासगी घर ठरला होता. ठाकूरसाहेबांची इच्छा मान्य. कन्या वर्ग चालू राहील. आई शेकोटीच्या कडेला टेकली, पाट्यांवर हात ठेवून, आणि तिने मुलींना सांगितलं, "चला, सात सक्कं." मुलींनी जो पाढा म्हटला, तो लालबागेपर्यंत गेला असेल.

पुढच्या वर्षी वर्गात एकतीस मुली झाल्या. रोटाच्या दिवशी नावं घ्यायला आता दुपार जाते. गहू मात्र आईच्या मुठीने मोजतात, माझ्या नाही.

हुकुमाच्या शेवटी पुराव्यांची यादी होती, ती आईने भर वर्गात वाचून दाखवली. पहिला पुरावा, ठाकूरसाहेबांचं पत्र: मान्य. दुसरा, स्थल-निरीक्षण: 'निरीक्षणकर्ता अधिकारी को भोजन से वंचित रखा गया, अतः भवन निजी गृहस्थी सिद्ध', मान्य. तिसरा, 'नऊखांबीचा खरा इतिहास' या नावाचं पत्रक: 'साहित्यिक प्रकृति का. विचारणीय नहीं.'

मी पेटले. चार पानं सत्य, आणि त्याला साहित्य म्हणायचं? ताबडतोब निषेधाचं पत्रक लिहायला आईकडे किल्ली मागितली, मथळासुद्धा सुचला होता. पण टाक हातात आल्यावर वाटलं, सही-शिक्क्यानिशी सरकारनेच साहित्यिक म्हटलंय, असे लोक मराठीत किती असतील? तेव्हापासून मी लेखिका आहे.